मानसिक आरोग्य आणि व्यसनमुक्ती व्यवस्थेतील सुधारणा : सरकारी कामाचा पाठपुरावा कसा करावा

चौकशी आयोग नेमला जातो, हजारो लोक त्याच्यापुढे आपली व्यथा मांडतात, जाडजूड अहवाल येतो, सरकार बहुतेक शिफारशी स्वीकारते. आणि चार-पाच वर्षांनी कोणी विचारले की त्यातले प्रत्यक्षात काय उतरले, तर त्याचे नेमके उत्तर कोणापाशीच नसते. मानसिक आरोग्य आणि व्यसनमुक्ती या क्षेत्रात हे वारंवार घडते, कारण इथले रुग्ण संघटित होऊन दाद मागण्याच्या स्थितीत क्वचितच असतात, त्यांचे कुटुंबीय थकलेले आणि लोक काय म्हणतील या धास्तीने गप्प असतात, आणि उपचाराची तारीख सहा महिने पुढे गेली तरी त्याची झळ त्या घराबाहेर कोणाला लागत नाही. आयर्लंडने २००६ साली मानसिक आरोग्याचे नवे धोरण आणले आणि त्यावर लक्ष ठेवायला स्वतंत्र गटही नेमला. त्या गटाची मुदत २०१२ मध्ये संपली, तो लगेच पुन्हा नेमला गेला नाही, धोरण मात्र कागदोपत्री चालूच राहिले. २०२० मध्ये दुसरे धोरण आले, तेव्हा अंमलबजावणीवर लक्ष ठेवणारी राष्ट्रीय समिती धोरणाबरोबरच उभी करण्यात आली.

रुग्णांच्या कुटुंबीयांचे गट, या क्षेत्रातील संस्था, पत्रकार, संशोधक आणि लोकप्रतिनिधींचे अभ्यास-सहायक यांच्यासाठी हा लेख आहे. त्यात सांगितलेली पद्धत कोणत्याही देशात वापरता येईल. उदाहरणे जिथे काम नीट नोंदले गेले आहे तिथली घेतली आहेत. सरकारने काय केले याची यादी आणि लोकांच्या वाट्याला काय आले याची नोंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीला दुसरीच्या जागी बसू न देणे हेच देखरेखीचे मुख्य काम आहे.

पायरी १ : वचनांची नोंदवही

सुरुवात आकडेवारीने करू नये, वचनांनी करावी. सरकारने नेमके काय कबूल केले आहे हे मूळ दस्तऐवजांतून शब्दशः उतरवून घ्यावे. वृत्तपत्रांतील सारांश किंवा मंत्र्यांचे भाषण त्यासाठी पुरेसे नाही. न्यूझीलंडचे उदाहरण इथे बारकाईने पाहण्यासारखे आहे. तिथे जानेवारी २०१८ मध्ये मानसिक आरोग्य व व्यसन या विषयावर शासकीय चौकशी नेमली गेली, तिच्याकडे ५,२०० हून अधिक निवेदने आली, चारशेहून अधिक बैठका झाल्या आणि वर्षअखेरीस ‘हे आरा ओरांगा’ हा ४० शिफारशींचा अहवाल सादर झाला. मे २०१९ मध्ये सरकारने उत्तर दिले आणि ४० पैकी ३८ शिफारशी मान्य झाल्याची बातमी सर्वत्र गेली. मूळ उत्तर वाचले तर दिसते की या ३८ मध्ये तीन प्रकार आहेत : स्वीकारलेल्या, तत्त्वतः स्वीकारलेल्या आणि पुढील विचारासाठी ठेवलेल्या. तिसऱ्या प्रकारातील शिफारस म्हणजे केवळ विचार करण्याचे आश्वासन असते, आणि ती पहिल्या प्रकाराबरोबर एकाच बेरजेत घातली की पाठपुरावा पहिल्याच दिवशी सैल पडतो. मान्य न झालेल्या दोन शिफारशींपैकी एक २०३० पर्यंत आत्महत्यांचे प्रमाण २० टक्क्यांनी कमी करण्याचे उद्दिष्ट ठरवण्याची होती. नाकारलेली शिफारसही नोंदवहीत लिहावी, कारण नकाराची कारणे पुढे बदलतात आणि ती तपासण्याजोगी असतात.

नोंदवहीची एक ओळ कशी असावी हे न्यूझीलंडच्याच एका वचनावरून पाहू. २०१९ च्या अर्थसंकल्पात प्राथमिक पातळीवरील मानसिक आरोग्य व व्यसनमुक्ती सेवांसाठी ४५.५ कोटी न्यूझीलंड डॉलर जाहीर झाले आणि २०२३-२४ पर्यंत ३,२५,००० लोकांना या सेवा मिळतील असे सांगितले गेले. ही ओळ लिहिताना पहिल्या रकान्यात वचनाचे मूळ शब्द आणि दस्तऐवजाची तारीख, दुसऱ्यात जबाबदार खाते, शक्य असल्यास अधिकाऱ्याच्या पदासह, तिसऱ्यात मुदत, चौथ्यात मोजण्याचे एकक, म्हणजे ३,२५,००० ‘लोक’ की ‘भेटी’, एका वर्षातले की एकूण, पाचव्यात पैसे आणि ते किती वर्षांसाठी आहेत, सहाव्यात वचन पूर्ण झाले असे कोणत्या पुराव्यावर मानायचे, हे आधीच लिहून ठेवावे. सहावा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे. तो नंतर भरला तर जे घडले तेच पुरेसे मानण्याचा मोह सरकारलाही होतो आणि देखरेख करणाऱ्यालाही.

कायद्यातली वचने वेगळ्या नजरेने वाचावी लागतात. भारताच्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम १८ ने प्रत्येक व्यक्तीला सरकारी किंवा सरकारी अनुदानावर चालणाऱ्या सेवांमधून मानसिक आरोग्यसेवा मिळण्याचा हक्क दिला आहे. त्याच कायद्याच्या कलम ३१ मध्ये लोकसंख्येच्या प्रमाणात मानसिक आरोग्य व्यावसायिकांची संख्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांपर्यंत नेण्याचा ‘प्रयत्न’ सरकारने कायदा लागू झाल्यापासून दहा वर्षांच्या आत करावा असे म्हटले आहे. कायदा २९ मे २०१८ रोजी लागू झाला, म्हणून ही मुदत मे २०२८ मध्ये संपते. इथे नोंदवहीत दोन गोष्टी लिहाव्या लागतील : मुदत पक्की आहे, बंधन मात्र प्रयत्नाचे आहे, त्यामुळे दरवर्षी कोणता प्रयत्न झाला, किती जागा निर्माण झाल्या, किती शिक्षणक्रम सुरू झाले हेच विचारावे लागेल, आणि २०२८ ची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही.

सुरुवातीला सगळी वचने घेऊ नयेत. दहा-बारा निवडावीत, आणि त्यांत पैसा, मनुष्यबळ, सेवा, हक्क आणि व्यसनमुक्ती या प्रत्येकाचे किमान एक वचन असावे. चाळीस ओळी वरवर सांभाळण्यापेक्षा बारा ओळी पुराव्यानिशी सांभाळलेल्या जास्त उपयोगी पडतात.

पायरी २ : सुरुवातीची पातळी आणि तुटणारे धागे

सुधारणा सुरू होण्याआधी स्थिती काय होती, हे ठरवल्याशिवाय प्रगती मोजता येत नाही. त्यासाठी सुधारणेच्या आधीची किमान तीन वर्षे घ्यावीत, कारण एखादे वर्ष अपवादात्मक असू शकते. २०२० आणि २०२१ ही महासाथीची वर्षे आधारवर्ष म्हणून घेतली तर त्यानंतरच्या अनेक संख्या वाढलेल्या दिसू शकतात.

याहून मोठी अडचण प्रशासकीय फेररचनेची असते. न्यूझीलंडने १ जुलै २०२२ रोजी आपली २० जिल्हा आरोग्य मंडळे विसर्जित करून एकच राष्ट्रीय आरोग्य संस्था स्थापन केली. पोर्तुगालने २००१ मध्ये वैयक्तिक वापरासाठी अमली पदार्थ बाळगणे फौजदारी गुन्ह्यातून वगळले आणि उपचारांची बळकट यंत्रणा उभारली. २०१२ मध्ये त्या यंत्रणेची मध्यवर्ती संस्था मोडून उपचार केंद्रे प्रादेशिक आरोग्य प्रशासनांकडे सोपवली गेली. अशा वेळी आकडेवारीची मालिका तुटते, जिल्ह्यांच्या सीमा बदलतात, खर्चाची लेखाशीर्षे बदलतात. म्हणून फेररचनेची घोषणा होताच जुन्या संकेतस्थळांवरील अहवाल, तक्ते आणि व्याख्या उतरवून स्वतःकडे जपून ठेवाव्यात, आणि संक्रमणाच्या निदान एका वर्षासाठी जुन्या व नव्या अशा दोन्ही पद्धतींनी आकडे द्यावेत अशी लेखी मागणी करावी.

सरकार बदलले की उद्दिष्टेही बदलतात. न्यूझीलंडमध्ये २०२३ च्या अखेरीस नवे सरकार आले, मानसिक आरोग्यासाठी प्रथमच स्वतंत्र मंत्रिपद निर्माण झाले आणि २०२४ मध्ये पाच नवी उद्दिष्टे जाहीर झाली. त्यांत विशेषज्ञ सेवेसाठी ८० टक्के लोकांना तीन आठवड्यांत आणि प्राथमिक सेवेसाठी ८० टक्के लोकांना एका आठवड्यात भेट मिळावी, तसेच मानसिक आरोग्य व व्यसनावरील गुंतवणुकीपैकी २५ टक्के प्रतिबंध व लवकर हस्तक्षेपावर व्हावी, अशी उद्दिष्टे आहेत. नवी उद्दिष्टे स्पष्ट आणि मोजण्याजोगी असतील तर त्यांचे स्वागतच करावे, पण नोंदवहीतल्या जुन्या ओळी खोडू नयेत. प्रत्येक जुन्या वचनापुढे ते चालू आहे, रद्द झाले आहे की नव्यात विलीन झाले आहे, आणि तसे कोणी व कोणत्या आदेशाने ठरवले, हे नोंदवावे. न उच्चारता सोडून दिलेली वचने शोधण्याचा याहून साधा मार्ग नाही.

पायरी ३ : पैसा

घोषित रक्कम, अर्थसंकल्पात तरतूद झालेली रक्कम, प्रत्यक्ष वितरित झालेली रक्कम आणि खर्च झालेली रक्कम अशा चार पातळ्या वेगवेगळ्या लिहाव्यात. न्यूझीलंडच्या २०१९ च्या अर्थसंकल्पातील बहुचर्चित १.९ अब्ज डॉलर हे पाच वर्षांचे होते आणि त्यात आरोग्य खात्याबाहेरच्या योजनाही धरलेल्या होत्या. असा आकडा एका वर्षाचा समजून वाचला की सगळे गणित चुकते. वर्षअखेरीस सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च तपासावा, आणि तरतूद अखर्चित राहिली असेल तर तिचे कारण विचारावे. ते बहुतेक वेळा रिक्त पदांत सापडते आणि थेट पुढच्या पायरीकडे नेते.

पैशाच्या बाबतीत आणखी दोन कसोट्या लावाव्यात. पहिली, महागाई आणि लोकसंख्यावाढ वजा जाता दरडोई खर्च वाढला का. दुसरी, एकूण आरोग्य खर्चातील मानसिक आरोग्याचा वाटा वाढला का. जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहणीनुसार देशांचा मध्यक वाटा (सर्व आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा) सुमारे २ टक्क्यांवर बरीच वर्षे अडकून आहे. इंग्लंडमध्ये स्थानिक आरोग्य यंत्रणेने मानसिक आरोग्यावरील खर्च किमान आपल्या एकूण निधीच्या वाढीइतक्या वेगाने वाढवावा असा दंडक घालून दिला गेला, आणि तो पाळला गेल्याचे लेखापरीक्षणही केले गेले. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने मानसिक आरोग्य व्यवस्थेची चौकशी करणाऱ्या रॉयल कमिशनच्या अंतिम अहवालानंतर १ जानेवारी २०२२ पासून मोठ्या वेतनखर्चाच्या उद्योगांवर मानसिक आरोग्यासाठी वेगळा अधिभारच लावला. असा राखीव कर असेल तिथे एक प्रश्न दरवर्षी विचारलाच पाहिजे : अधिभारातून आलेला पैसा आधीच्या तरतुदीत भर म्हणून पडला, की आधीची तरतूद तेवढ्याने कमी करून तिच्या जागी वापरला गेला?

पायरी ४ : माणसे

मंजूर पदे, भरलेली पदे आणि वर्षभरात सोडून गेलेले कर्मचारी हे तीन आकडे एकत्र मागावेत. प्रशिक्षित झालेल्यांची संख्या त्यांची जागा घेऊ शकत नाही, कारण दरवर्षी पाचशे जण तयार झाले आणि तेवढेच सोडून गेले तर रुग्णासमोरची खुर्ची रिकामीच राहते. नव्या सेवेत रुजू झालेले लोक जुन्या सेवेतूनच आले का, हेही पाहावे. दवाखान्यात बसणारा नवा समुपदेशक जर तीव्र आजारांच्या पथकातून आलेला असेल तर एकीकडची वाढ म्हणजे दुसरीकडची तूट असते. डॉक्टरांच्या बरोबरीने परिचारिका, मनोविकार समाजसेवक, व्यसनमुक्ती समुपदेशक आणि स्वतः आजारातून गेलेले सहसाथी कार्यकर्ते यांचेही आकडे स्वतंत्र ठेवावेत.

पायरी ५ : सेवा आणि प्रतीक्षा

सरकारी आकडे इथेच सर्वांत जास्त मिळतात, आणि त्यांवरून चुकीचा निष्कर्षही इथेच सर्वांत सहज निघतो.

इंग्लंडच्या समुपदेशन-उपचार सेवेचे उदाहरण घेऊ. २००८ मध्ये सुरू झालेल्या या सेवेसाठी ७५ टक्के लोकांचे उपचार सहा आठवड्यांत आणि ९५ टक्के लोकांचे अठरा आठवड्यांत सुरू व्हावेत असा दंडक आहे. घड्याळ पहिल्या उपचार-भेटीला थांबते. पण नैराश्याने खचलेल्या माणसाला पहिल्या भेटीनंतर दुसऱ्या भेटीसाठी तीन महिने थांबावे लागले, तर दंडक पाळला गेलेला असतो आणि माणूस मात्र वाऱ्यावर सोडलेला असतो. तिथल्या आकडेवारीत पहिल्या व दुसऱ्या भेटीतील अंतर वेगळे प्रसिद्ध होते, आणि ते पाहिल्यावरच खरी प्रतीक्षा कुठे लपली आहे हे कळते. यातून घ्यायचा नियम असा की प्रत्येक प्रतीक्षा-उद्दिष्टाबाबत घड्याळ कधी सुरू होते, कधी थांबते आणि मध्ये कोणत्या कारणांनी ते गोठवले जाते, हे लेखी विचारावे.

त्याबरोबर आणखी काही गोष्टी मागाव्यात. सरासरी प्रतीक्षा न घेता मध्यक घ्यावा, आणि सर्वांत जास्त थांबलेल्या दहा टक्क्यांना किती थांबावे लागले हेही घ्यावे. कारण सरासरी सुधारत असताना सर्वांत गंभीर रुग्णांची प्रतीक्षा वाढत असू शकते. किती जणांना ‘आमच्या निकषांत बसत नाही’ म्हणून परत पाठवले गेले आणि ते पुढे कुठे गेले, हा आकडा बहुतेक ठिकाणी आपणहून दिला जात नाही. तो चिकाटीने मागावा, कारण परत पाठवलेला रुग्ण प्रतीक्षा यादीत नसतोच आणि त्यामुळे यादी लहान दिसते. सेवा घेतलेल्या लोकांची संख्या ही माणसांची आहे की भेटींची, आणि दोन सेवांमध्ये नोंदलेला एकच माणूस दोनदा मोजला जातो का, हेही तपासावे.

एका सेवेतील वाढ दुसरीतील घटीबरोबर वाचावी. न्यूझीलंडमध्ये दवाखान्यांशी जोडलेल्या नव्या प्राथमिक सेवा वाढत असतानाच, विशेषज्ञ सेवांपर्यंत पोहोचणाऱ्यांची संख्या घटल्याचे तिथल्या मानसिक आरोग्य व स्वास्थ्य आयोगाने नोंदवले. ही घट गरज कमी झाल्यामुळे आहे की कर्मचारी कमी पडल्यामुळे, हे केवळ एका तक्त्यावरून ठरत नाही. पण दोन तक्ते शेजारी ठेवल्याशिवाय तो प्रश्नच उभा राहत नाही.

आकडे शक्य तितके फोडून मागावेत : वय, लिंग, ग्रामीण-शहरी, आदिवासी वा मूलनिवासी समूह, अपंगत्व, भाषा. संपूर्ण देशाचा आकडा हिरवा आणि एका समूहाचा तांबडा, हे चित्र या क्षेत्रात नेहमीचे आहे. मात्र लहान गावात ‘तीन किशोरवयीन’ अशी संख्या छापली तर ते तिघे कोण हे गावाला कळते, म्हणून पाचपेक्षा लहान संख्या प्रसिद्ध न करण्याचा नियम स्वतःलाही लावून घ्यावा.

पायरी ६ : व्यसनमुक्तीची वेगळी तपासणी

‘मानसिक आरोग्य व व्यसन’ असा जोडशब्द धोरणाच्या शीर्षकात असला तरी आत गेल्यावर व्यसन मागे पडते, असा अनुभव बहुतेक देशांत येतो, आणि म्हणूनच त्याचे स्वतंत्र पान ठेवावे असा माझा आग्रह आहे. सर्वप्रथम जबाबदारी कोणाची हे पाहावे. भारतात व्यसनमुक्ती केंद्रांचा एक भाग सामाजिक न्याय खात्याकडे, तर दुसरा आरोग्य खात्याकडे आहे. अन्यत्र गृह, न्याय किंवा पोलीस खात्यांचाही वाटा असतो. जबाबदारी विभागलेली असेल तिथे दोन्हीकडचे आकडे मागून एकत्र मांडावेत आणि दारूचे व्यसन व नैराश्य दोन्ही असलेल्या माणसाला कोणती सेवा नाकारते, हा प्रश्न दोन्ही खात्यांना एकाच दिवशी, एकाच शब्दांत विचारावा. ‘आधी व्यसन सोडून या’ आणि ‘आधी मानसिक आजारावर उपचार घ्या’ अशी दोन उत्तरे दोन दारांवर मिळत असतील तर तो पुरावा कोणत्याही आलेखापेक्षा बोलका ठरतो.

स्कॉटलंडचे काम या बाबतीत अभ्यासावे. अमली पदार्थांमुळे होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण भयावह झाल्यावर जानेवारी २०२१ मध्ये तिथे पाच वर्षांसाठी २५ कोटी पौंडांची राष्ट्रीय मोहीम जाहीर झाली आणि त्याच वर्षी औषधोपचारासाठी दहा मानके ठरवली गेली. मदत मागणाऱ्याला त्याच दिवशी उपचार सुरू करण्याचा पर्याय मिळावा, हे त्यांतले पहिले. सार्वजनिक आरोग्य संस्था दरवर्षी प्रत्येक विभागाचे मानकनिहाय मूल्यमापन रंगांत प्रसिद्ध करते, आणि त्यात कागदपत्रे, आकडेवारी व उपचार घेणाऱ्यांचा अनुभव अशा तीन प्रकारचा पुरावा पाहिला जातो. मानकांची अंमलबजावणी सुधारत असताना अमली पदार्थांच्या गैरवापराने झालेले मृत्यू २०२२ मधील १,०५१ वरून २०२३ मध्ये १,१७२ वर गेले. यावरून मानके निरुपयोगी ठरतात असे नाही; बाजारात येणारे पदार्थ अधिक घातक झाले तर चांगल्या सेवेलाही मृत्यू रोखताना झगडावे लागते. पण सेवेची प्रगती आणि माणसांचे जगणे-मरणे ही दोन पाने वेगळी ठेवून दोन्ही छापली पाहिजेत, हे त्यातून शिकण्यासारखे आहे.

खासगी निवासी व्यसनमुक्ती केंद्रांसाठी नोंदणी, तपासणीची तारीख, तपासणीत आढळलेल्या त्रुटी आणि तक्रारींवरील कारवाई यांची यादी मागावी. कोंडून ठेवणे, मारहाण, उपाशी ठेवणे असे प्रकार ज्या व्यवस्थेत तपासणी नसते तिथेच फोफावतात. तसेच दारूच्या विक्रीचे नियमन, जाहिराती आणि कर यांविषयीच्या शिफारशी आरोग्य खात्याबाहेरच्या असल्यामुळे प्रगती अहवालांतून सहज गळतात. त्या नोंदवहीत असल्याच पाहिजेत.

पायरी ७ : हक्क आणि सक्ती

सक्तीने दाखल करणे, बांधून ठेवणे आणि एकट्याला खोलीत कोंडणे यांचे आकडे सुधारणेच्या मध्यभागी असावेत. न्यूझीलंडमध्ये एकांतकोठडी २०२० पर्यंत संपवण्याचे ध्येय आरोग्यसेवेची गुणवत्ता पाहणाऱ्या आयोगाने ठेवले होते. ते वेळेत गाठले गेले नाही, आणि मूलनिवासी माओरी रुग्णांच्या वाट्याला हा प्रकार इतरांपेक्षा जास्त येत राहिला. इटलीने १९७८ च्या १८० क्रमांकाच्या कायद्याने मनोरुग्णालयांत नव्या रुग्णांची भरती थांबवली, पण जुनी रुग्णालये प्रत्यक्षात रिकामी व्हायला दोन दशके लागली आणि पर्यायी सेवा प्रदेशागणिक असमान राहिल्या. कायदा मंजूर झाल्याची तारीख आणि तो रुग्णाच्या खोलीपर्यंत पोहोचल्याची तारीख यांत एवढे अंतर पडू शकते, म्हणून रुग्णांच्या अर्जांवर निर्णय देणारी पुनरावलोकन मंडळे स्थापन झाली का एवढे विचारून थांबू नये. किती बैठका झाल्या, किती अर्ज आले, किती दिवसांत निकाल लागले आणि किती रुग्णांना वकील वा प्रतिनिधी मिळाला, हे विचारावे.

पायरी ८ : माहिती मिळवणे आणि माणसांचे ऐकणे

प्रसिद्ध अहवाल, अर्थसंकल्पाची पुस्तके, विधिमंडळातील प्रश्नोत्तरे, लेखापरीक्षकांचे अहवाल आणि माहिती अधिकाराचे अर्ज हे पाच स्रोत ठरावीक वेळापत्रकाने तपासावेत. माहिती अधिकारात प्रश्न मोघम नसावा. ‘मानसिक आरोग्यासाठी काय केले’ असे विचारले की पत्रके येतात. ‘अमुक तारखेला मंजूर व भरलेली पदे, संस्थानिहाय’ असे विचारले की तक्ता येतो. नकारार्थी उत्तर आणि ‘माहिती संकलित केलेली नाही’ हे उत्तरही प्रसिद्ध करावे, कारण जी गोष्ट सरकार मोजतच नाही ती सुधारल्याचा दावा त्याला करता येत नाही.

कागदाबाहेरचे काम अधिक नाजूक आहे. सेवा घेणाऱ्यांशी बोलताना त्यांची संमती आधी घ्यावी, ती केव्हाही मागे घेता येईल हे सांगावे, नाव-गाव-निदान यांचा मेळ लागेल असे तपशील लिहू नयेत, आणि त्यांच्या वेळेचा मोबदला द्यावा. ‘सेवा कशी वाटली’ या प्रश्नापेक्षा ‘मदत मागायचे ठरवल्या दिवसापासून आजपर्यंत काय काय झाले, तारखांसह सांगाल का’ हा प्रश्न चांगला. उदाहरणार्थ, एखादी आई सांगते की मुलाला पहिल्या दवाखान्यातून दुसऱ्याकडे पाठवले, तिथे चिठ्ठी जुनी झाली म्हणून पुन्हा पहिल्याकडे धाडले, आणि मधल्या काळात औषध संपले; एवढ्या कथनात नोंदवहीच्या तीन ओळी तपासल्या जातात. बोलताना कोणी जीव नकोसा झाल्याचे सांगितले तर मुलाखत तिथेच थांबवून त्या माणसाला एकटे न सोडता मदतीशी जोडून द्यायचे, याची तयारी आधी करून मगच मुलाखतींना बसावे. आजारातून गेलेली माणसे केवळ माहिती देणारी न राहता प्रश्न ठरवण्यात आणि निष्कर्ष काढण्यातही सहभागी असावीत. कोणता विलंब सहन होतो आणि कोणता माणसाला मोडतो, हे त्यांनाच ठाऊक असते.

पायरी ९ : परिणामांचे आकडे जपून वापरणे

आत्महत्यांचे आकडे प्रगतीचे मोजमाप म्हणून सर्वांत आधी पुढे केले जातात आणि सर्वांत जास्त जपून वापरायचे असतात. संशयित मृत्यूंचा तात्पुरता आकडा आणि चौकशीनंतर निश्चित झालेला आकडा वेगवेगळे असतात, निश्चितीला काही वर्षे लागतात, आणि लहान प्रदेशात संख्या वर्षागणिक आपोआप खालीवर होते. तीन किंवा पाच वर्षांची सरासरी वापरावी, एका वर्षाच्या घटीचे श्रेय किंवा वाढीचा दोष कोणत्याही योजनेला देऊ नये, आणि पद्धती वा ठिकाण यांचे वर्णन अहवालात कधीही येऊ देऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कृती आराखड्यात २०३० पर्यंत आत्महत्येचे प्रमाण एक तृतीयांशाने घटवण्याची आणि सेवांची व्याप्ती किमान निम्म्याने वाढवण्याची उद्दिष्टे आहेत. आपल्या देशाने यांपैकी काय स्वीकारले आहे ते पाहून तुलना करावी.

पायरी १० : निवाडा आणि प्रसिद्धी

प्रत्येक ओळीला श्रेणी द्यावी, पण श्रेणीचे नियम आधी जाहीर करावेत : पुराव्यासह पूर्ण, मुदतीनुसार चालू, मागे पडलेले, थांबलेले, सोडून दिलेले, आणि पुरावा उपलब्ध नाही. ‘काम सुरू आहे’ ही श्रेणी ठेवू नये. समिती नेमली, आराखडा तयार झाला, कार्यशाळा झाली या नोंदी ओळीखाली लिहाव्यात, पण त्यांवरून श्रेणी बदलू नये. श्रेणी दोन व्यक्तींनी स्वतंत्रपणे द्यावी आणि मतभेद झाला तर तो कारणांसह नोंदवावा.

प्रसिद्धीपूर्वी मसुदा संबंधित खात्याला पाठवून तीन आठवड्यांची मुदत द्यावी. चुका दाखवल्या तर त्या दुरुस्त कराव्यात. केवळ नापसंती कळवली तर ती उत्तरासह जशीच्या तशी छापावी. जे चांगले झाले ते ठळकपणे सांगावे, कारण खात्यात प्रामाणिकपणे झटणाऱ्या अधिकाऱ्यांना पुढच्या तरतुदीसाठी हाच कागद उपयोगी पडतो. अहवाल दरवर्षी ठरलेल्या महिन्यात, शक्यतो अर्थसंकल्पाच्या चर्चेआधी दोन महिने यावा. न्यूझीलंडचा मानसिक आरोग्य व स्वास्थ्य आयोग कायद्याने स्थापन झालेला असूनही तो अहवाल देऊ शकतो, शिफारस करू शकतो, पण सरकारला आदेश देऊ शकत नाही. नागरिकांच्या गटाकडे तर तेवढाही अधिकार नसतो. त्यामुळे अहवाल कोणाच्या हाती पडतो यावर त्याचे वजन ठरते. आरोग्यविषयक विधिमंडळ समितीचे सदस्य, लेखापरीक्षक, मानवी हक्क आयोग आणि रुग्णसंघटना यांच्यापर्यंत तो स्वतः जाऊन पोहोचवावा, आणि प्रत्येकाला त्याच्या कामाच्या दोन ओळी वेगळ्या काढून द्याव्यात.

एखादी ओळ ‘पूर्ण’ म्हणून बंद करताना घाई करू नये. लागोपाठ दोन वार्षिक फेऱ्यांत सहाव्या रकान्यातला पुरावा मिळाला, आकडे मुख्य समूहांमध्येही टिकले आणि सेवा घेणाऱ्यांच्या कथनातून त्याला दुजोरा मिळाला, तरच ती बंद करावी. आणि बंद केलेल्या ओळींपैकी एक-दोन दरवर्षी पुन्हा उघडून तपासाव्यात, कारण निधीची मुदत संपली की सर्वांत आधी पूर्ण झालेल्या सेवाच मागे घेतल्या जातात.